लितानीत माझं नाव

मी चावी बोलतेय. लगेच खिसे चाचपू नका. तुमच्या घराची किंवा कपाटाची चावी मी नव्हे. मला दात नाहीत, माझ्यावर नंबर नाही आणि कुलपाशी माझी साधी ओळखही नाही. मी वीतभरही नसलेला लोखंडाचा तुकडा आहे. एका टोकाला चौकोनी भोक, दुसऱ्या टोकाला धरायला आडवी मूठ, की झालं. पण माझ्याशिवाय ऑक्सिजनचा सिलिंडर उघडत नाही, आणि ही गोष्ट मी जरा तोऱ्यातच सांगणार.

माझा जन्म मुंबईतल्या एका वर्कशॉपमधला. एका दिवसात आम्ही शंभर बहिणी जन्माला आलो. कारागिराने कानशीने माझ्या कडा घासल्या, "चल, ही झाली" म्हणून मला पेटीत टाकलं आणि पुढचीला हात घातला. माझं बारसं ते एवढंच. पंच्याण्णव साली एका काळ्या, पांढऱ्या खांद्याच्या उंच सिलिंडरच्या गळ्यात सुतळीने बांधून मला टेम्पोत चढवलं. खाडीवरचा पूल गेला, हायवे गेला, मग दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या. नंदाखाल गावाच्या थोडं पुढे, रस्त्याकडेच्या एका बैठ्या इमारतीपाशी टेम्पो थांबला. दारावर नवी कोरी पाटी होती: 'तातडीचे उपचार केंद्र. चोवीस तास उघडे.'

मला वाटलं होतं, आपण मोठ्या हॉस्पिटलात चाललोय. इथे बघते तर चार खाटा, एक फोन आणि दाराशी एक अँब्युलन्स! ऑपरेशनची खोली नाही, वॉर्ड नाही, पेशंटला मुक्काम नाही. कुणाला साप चावला, कुणी माडावरून पडला, कुणाच्या छातीत दुखलं की त्याला इथे आणायचं. इथे त्याचा श्वास सावरायचा, रक्त थांबवायचं, मोडलेलं हाड फळीला बांधायचं, आणि तो वाटेत दगावणार नाही अशी खात्री झाली की मुंबईच्या हॉस्पिटलला फोन करून पुढे पाठवायचा. गावातली माणसं केंद्राला 'थांबा' म्हणायला लागली. "मामाला थांब्यावर नेलंय," असं कुणी म्हणालं की ऐकणाऱ्याला कळायचं, काहीतरी गंभीर आहे पण वेळेत नेलंय.

हे केंद्र काढलं डॉक्टर जयवंती सामंत यांनी. मूळच्या रत्नागिरीकडच्या, आता बोळिंजच्या एका कॉम्प्लेक्समध्ये राहणाऱ्या. त्यांनी दहा वर्षं मुंबईतल्या एका अपघात विभागात काढलेली. त्या सांगायच्या, "इकडून निघालेला पेशंट तिथे पोचेपर्यंत माझ्या हातात करण्यासारखं काही उरायचंच नाही. शेवटी म्हटलं, आपणच अलीकडे येऊन उभं राहावं."

दुसऱ्या मटिल्डा सिस्टर. नंदाखालच्याच. उंच, सावळ्या, पांढऱ्या बुटांचा चर्र चर्र आवाज करत चालणाऱ्या. केंद्रात वस्तू कुठे ठेवायची हे त्यांनी एकदा ठरवलं की ब्रह्मदेवालाही ती हलवायची परवानगी नव्हती. आणि तिसरा अँब्युलन्सचा ड्रायव्हर बळीराम. अर्नाळ्याच्या भजनी मंडळात टाळ वाजवणारा. गाडी चालवताना गायचा, टायर बदलताना गायचा. फक्त पेशंट आत असला की गप्प.

आता माझं काम सांगते. सिलिंडरच्या डोक्यावर एक चौकोनी दांडी असते. मला त्यावर बसवून डावीकडे फिरवलं की फुस्स करून वारा निघतो. तो पाण्याच्या एका बाटलीतून जातो आणि बाटलीत बुडबुडे नाचायला लागतात. त्या बुडबुड्यांच्या आवाजावर माझा फार जीव. तो आवाज सुरू झाला की निळ्या पडलेल्या ओठांवर हळूहळू रंग येतो, आणि उशाशी उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून "हुश्श" निघतं. सिलिंडर रिकामे झाले की परत जातात, दुसरे येतात. त्यांचं येणं-जाणं चालूच. मी मात्र तीच. येईल त्या सिलिंडरच्या गळ्यात मला गॉजच्या पट्टीने अडकवून ठेवत.

आणि इथेच माझं दुखणं होतं.

केंद्रात रोज सकाळी आठ वाजता एक गंमत चालायची. मटिल्डा सिस्टर लहानपणापासून देवळात लितानी म्हणत आलेल्या. देऊळ म्हणजे चर्च. इकडची जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात. लितानीत एकजण संतांची नावं एकेक करून घेतो, आणि बाकीचे सगळे प्रत्येक नावामागून एका सुरात तेच तेच उत्तर देतात. सिस्टरनी तीच रीत तातडीचं सामान ठेवायच्या ट्रॉलीला लावली. त्या ट्रॉलीपुढे उभ्या राहायच्या, वस्तूला हात लावून नाव घ्यायच्या, आणि हजर असलेल्या सगळ्यांनी ती वस्तू डोळ्यांनी बघून उत्तर द्यायचं.

"सलाइनचे सेट?"

"जाग्यावर!"

"सक्शन मशीन?"

"चालू, जाग्यावर!"

"सापाची लस?"

"जाग्यावर!"

बळीरामला लितानी ठाऊक नव्हती, पण सूर धरायची सवय होती. त्यामुळे तो शेवटचा 'र' आरतीसारखा लांबवायचा, "जाग्यावर्रऽऽ!" डॉक्टरबाई पहिल्या दिवशी हसून हसून खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "सिस्टर, यादी कागदावर आहे की. खुणा केल्या तरी चालेल."

"कागदावर खूण करताना डोळे मिटलेले असले तरी चालतं, बाई," सिस्टर म्हणाल्या. "नाव घेताना बघावं लागतं."

डॉक्टरबाईंना ते पटलं. तेव्हापासून त्याही उभ्या राहू लागल्या.

सव्वीस नावं होती त्या लितानीत. कात्री होती, टॉर्च होता, टॉर्चचे सेल वेगळे होते! आणि माझं नाव नव्हतं. "सिलिंडर?" असं विचारलं जायचं आणि "भरलेला, जाग्यावर!" असं उत्तर यायचं. सिलिंडर म्हटला की चावी आलीच, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. रोज सकाळी मी गॉजच्या पट्टीवर लोंबकळत वाट बघायचे, आज तरी घेतील. नाही घेतलं की दिवसभर मला राग यायचा. कात्रीला मान आणि मला नाही? आज वाटतं, माझा तो राग मानापानाचा होता, पण अगदीच चुकीचा नव्हता.

ते सत्त्याण्णव साल होतं. नाताळ चार दिवसांवर आला होता, रविवार होता. केंद्राच्या दारात बळीरामने स्वतः बांबू आणून चांदणी टांगली होती. सकाळची लितानी झाली. साडेदहाला छातीत दुखणारे एक मास्तर आले. त्यांना सावरल्यावर बळीराम त्यांना घेऊन मुंबईला निघाला. गाडीबरोबर गाडीतला छोटा सिलिंडर गेला, त्याची चावी म्हणजे माझी बहीण गेली, आणि बळीरामची पाने-पक्कड ठेवलेली पेटीही गेली. मागे राहिल्या डॉक्टरबाई, मटिल्डा सिस्टर आणि मी.

अकराच्या सुमाराला रिक्षातून एका मुलीला उतरवलं. उन्नती तिचं नाव, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातली, बोळिंजला राहणारी. घरात उभ्या उभ्या तिला आकडी आली होती आणि ती अजून थांबली नव्हती. बरोबर तिचे वडील विलासराव आणि आत्या जिजाबाई. विलासराव मुंबईत नोकरीला, रविवार म्हणून घरी होते. आत्या साताऱ्याकडची; उन्नतीची आई गेल्यापासून तीच घर बघायची. विलासरावांनी उन्नतीचा एक हात धरलेला, आत्याने दुसरा, आणि आत्याच्या काखेत एक चप्पल!

"हुंगवा हो कुणीतरी तिला!" आत्या ओरडली.

"चप्पल बाहेर, आत्या," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी पडदा ओढला.

पडद्याआड काम सुरू झालं. उन्नतीला कुशीवर वळवलं, इंजेक्शन दिलं, मला फिरवून पाच मिनिटं ऑक्सिजन दिला. आकडी थांबली. मुलगी गाढ झोपली. सिस्टरनी सिलिंडर बंद केला, मला पट्टीवर अडकवलं, खाटेचे कठडे वर केले आणि मग आत्याला आत बोलावलं. विलासरावांना एक औषध आणायला पाठवलं. डॉक्टरबाई कागद लिहायला बाहेरच्या टेबलाशी बसल्या.

आत्या खाटेशी एकटी राहिली. ती मुलीकडे बघत होती, पुटपुटत होती, पदराने तिच्या तोंडाची लाळ पुसत होती. मग तिची नजर इकडे तिकडे फिरायला लागली. तिला लोखंड हवं होतं. आकडी आलेल्या माणसाच्या मुठीत लोखंड दिलं की ती पुन्हा फिरकत नाही, असं ती लहानपणापासून बघत आली होती. तिच्या गावी यासाठी घराच्या चाव्यांचा जुडगा वापरत. इथे जुडगा नव्हता. इथे, खाटेपासून हातभर अंतरावर, सिलिंडरच्या गळ्यात, मी होते.

तिने मला वापरताना पाहिलंच नव्हतं. तेव्हा ती पडद्याबाहेर होती. तिच्या लेखी मी कुणाचा तरी विसरलेला लोखंडाचा तुकडा. तिने पट्टीसकट मला ओढलं, उन्नतीच्या मुठीत ठेवलं, बोटं माझ्याभोवती मिटवली आणि वरून चादर पांघरली. उन्नतीने झोपेतच एक लांब श्वास सोडला.

"बघा," आत्या स्वतःशीच म्हणाली, "लगेच गुण."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही वाटलं की मीच बरं केलं. आजवर माझ्याशी एवढ्या श्रद्धेने कुणी वागलं नव्हतं. ऊबदार मूठ, अंधार, शांतता. मी सुखावले.

तेवढ्यात दुसरी रिक्षा आली.

तिच्यातून उतरली ज्युलिएट. अर्नाळ्याची मासेवाली. ही बाई आमच्या ओळखीची होती, म्हणजे तिचा आवाज ओळखीचा. रोज सकाळी आठच्या आसपास ती डोक्यावर पाटी घेऊन आमच्या फाटकावरून आगाशीच्या बाजाराला जायची, आणि तिची "म्हावराऽऽ" अशी हाक सिस्टरच्या लितानीत घुसायची. सिस्टर कपाळाला आठ्या घालायच्या, बळीराम हसायचा. त्या ज्युलिएटला दम्याचा त्रास होता. आज ती नवऱ्याच्या, लॉरेन्सच्या, अंगावर रेललेली होती. तोंडातून शब्द फुटत नव्हता. खांदे वर-खाली होत होते, गळ्यातून बारीक शिट्टी वाजत होती, आणि ओठ जांभळे पडले होते.

"सुकी म्हावरी भरत व्हती, धूळ उडाली," लॉरेन्स सांगत होता. "पानी पन उतरत नाय हो बाई तिला."

तिला दोन नंबरच्या खाटेवर उशा लावून बसवलं. डॉक्टरबाईंनी इंजेक्शन भरलं, वाफेचं यंत्र तोंडाला लावलं. "सिस्टर, ऑक्सिजन."

सिस्टरनी सिलिंडर ओढून घेतला, सवयीने त्याच्या गळ्याकडे हात नेला, आणि तो हात तसाच राहिला.

"बाई," त्या म्हणाल्या, "चावी नाही."

"नाही म्हणजे?"

"आता अडकवली होती मी. या हाताने."

मटिल्डा सिस्टरचा आवाज कापताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. त्यांनी ट्रॉलीचे खण उपसले, खाटेखाली वाकून पाहिलं, स्वतःचे खिसे उलटे केले. दुसरा सिलिंडर होता, पण त्यालाही मीच लागायचे. पक्कड बळीरामकडे, बळीराम मुंबईच्या वाटेवर. औषध घेऊन आलेल्या विलासरावांना डॉक्टरबाईंनी तसंच उलट्या पावली गॅरेजकडे पिटाळलं. ते धावत गेले आणि रविवार म्हणून कुलूप बघून धावत परत आले. लॉरेन्सने तर त्या चौकोनी दांडीला हातच घातला. जाळी ओढून घट्टे पडलेले त्याचे हात, पण दांडी केसभर हलेना. त्याची बोटं सोलवटली तरी तो सोडेना.

आणि मी कुठे होते? आठ पावलांवर. चादरीखाली, मुठीत. मला सगळं ऐकू येत होतं. सिलिंडर भरलेला होता, वारा तयार होता, फक्त एक वळसा हवा होता आणि तो माझ्याकडे होता. ज्युलिएटच्या गळ्यातली शिट्टी बारीक बारीक होत चालली होती. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, देवाने लोखंडालाही तोंड द्यायला हवं होतं.

पडद्याआड जिजाबाई आत्या उभी होती. चावी, चावी असा घोष ऐकून आधी तिला काही उमगलं नाही. मग तिने चादरीकडे पाहिलं. मग सिलिंडरच्या ट्रॉलीची चाकं सरकल्याचा आवाज ऐकला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. कळलं तिला. पण तिने काय केलं ठाऊक आहे? तिने उन्नतीची मूठ दोन्ही हातांनी आणखी घट्ट दाबली.

मी तिला दोष देत नाही. तिच्या हिशेबाने मुठीतून मला काढलं की आकडी परत येणार होती. पडद्याच्या एका बाजूला तिची पोर होती, दुसऱ्या बाजूला एक अनोळखी बाई. तिचे ओठ हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि हात मात्र सुटत नव्हते.

तेवढ्यात उन्नती जागी झाली. पुरती नव्हे, अर्धवट. "आत्या," ती जडशी म्हणाली, "हातात काय टोचतंय?"

"असू दे बाळा. सोडू नगंस."

"कोण एवढं धापतंय?"

आत्याने चादर आणखी वर ओढली. पलीकडून लॉरेन्सचा आवाज आला, "ज्युली, माज्याकरं बघ. डोले मिटू नको." उन्नतीने तो ऐकला. तिने आपली मूठ आत्याच्या हातांतून ओढून घेतली, चादरीबाहेर काढली आणि उघडली. मी तिच्या तळहातावर पडले होते, घामाने ओली.

"ही शोधतायत का ते?" तिने विचारलं.

आत्याने मुलीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग मला उचललं आणि पडदा बाजूला सारून अनवाणी धावली. "घ्या!" तिने मला सिस्टरच्या हातात कोंबलं. "माझ्याकडं हुती. मीच घेतली हुती. घ्या, लवकर घ्या!"

सिस्टर सिलिंडरकडे वळल्या. मला दांडीवर बसवलं, डावीकडे फिरवलं. फुस्स! आणि बाटलीत बुडबुडे उठले. मी हजारदा तो आवाज ऐकला असेन, पण त्या दिवशी मला अक्षरशः नाचावंसं वाटलं.

पुढची पंधरा मिनिटं नुसते हात चालत राहिले. वाफ, इंजेक्शन, बुडबुडे. शिट्टी जाडी झाली, मग मोकळी झाली. ओठांचा जांभळा रंग उतरला. आत्या मात्र एक नंबरच्या खाटेशी श्वास रोखून उभी होती. तिचे डोळे उन्नतीच्या रिकाम्या मुठीवर. एक मिनिट गेलं, पाच गेली, पंधरा गेली. आकडी आली नाही. उन्नतीने पाणी मागितलं.

आणि दोन नंबरच्या खाटेवर ज्युलिएटने तोंडावरचा मास्क बोटाने जरासा वर केला. पहिलं वाक्य काय बोलली असेल? देवाचं नाव? डॉक्टरांचे आभार?

"माजी पाटी रिक्षातच सोडलीस ना रं?"

लॉरेन्स आधी रडला आणि मग हसला. डॉक्टरबाई हसल्या. सिस्टर भिंतीला टेकून इतक्या हसल्या की त्यांची टोपी तिरकी झाली. "बोलू नका, ज्युलिएट," डॉक्टरबाई म्हणाल्या, "मास्क खाली."

"मंग त्याला पाटी आनाया सांगा," ज्युलिएट मास्कच्या आतून म्हणाली.

दुपारी बळीराम परतला. ज्युलिएटला तपासणीसाठी पुढे पाठवायचं ठरलं. ती गाडीत चढण्याआधी आत्या तिच्यापुढे हात जोडून उभी राहिली. विलासराव संतापले होते, "ताई, तुला काही समजतं का!" असं दोनदा म्हणून झालं होतं. डॉक्टरबाईंनी त्यांना थांबवलं.

"त्यांना बोलू नका. इथे रोज घाबरलेलीच माणसं येणार. घाबरलेल्या माणसाच्या हाताला लागेल अशी चावी गॉजच्या चिंधीवर ठेवली कुणी? आम्ही. आणि सकाळी सव्वीस नावं घेताना तिचं नाव विसरलं कोण? तेही आम्ही."

हे ऐकताना मला काय वाटलं ते विचारू नका. दोन वर्षांचा राग त्या एका वाक्याने गेला.

मग त्यांनी आत्याला खुर्ची दिली आणि समजावलं. आकडी आली की माणसाला कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोकदार सामान दूर करायचं, तोंडात काही कोंबायचं नाही, हातात काही द्यायचं नाही. आकडी किती वेळ चालली ते बघायचं, आणि पाच मिनिटांवर गेली की इकडे आणायचं. गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत.

"म्हंजी तिच्या हातात कायसुदिक न्हाई द्यायचं?" आत्याचं मन मानेना.

"तुमच्या हातात द्यायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "घड्याळ."

आत्याने ते इतकं मनावर घेतलं की पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांपुढे एका शेजारणीला, भरजरी साडीसकट, सतरंजीवर आडवी केली आणि कुशीवर कसं वळवायचं ते दाखवलं. वाण म्हणून काय दिलं ते माहीत नाही, पण महिन्याभराने तिथल्या वॉचमनला आकडी आली तेव्हा तीन बायका एकदम धावल्या आणि तिघींच्याही हातात घड्याळ होतं. हे मला उन्नतीने सांगितलं. म्हणजे सिस्टरला सांगितलं, मी ऐकलं.

नाताळच्या आदल्या सकाळी लॉरेन्स आला. बोटांना अजून पट्ट्या होत्या. खिशातून त्याने जाळ्याची निळी नायलॉनची दोरी काढली आणि सिलिंडरच्या ट्रॉलीच्या दांड्याला मला बांधलं. दोरी एवढी लांब की मी दांडीपर्यंत सहज पोचावं, आणि एवढीच लांब की खाटेपर्यंत पोचू नये.

"ही गाठ दर्यात सुटत नाय," तो म्हणाला, "हितं काय सुटतंय!"

माझ्या दोन बहिणीही आल्या. एक भिंतीवरच्या काचेच्या पेटीत, एक डॉक्टरबाईंच्या टेबलात. आणि ज्यांना लोखंडाशिवाय चैनच पडत नाही अशा नातेवाइकांसाठी सिस्टरनी एका मोडक्या कपाटाची चावी ठेवली. "ही धरा, पण तुमच्याच मुठीत," असं बजावून त्या ती देत.

मग आठ वाजले. सगळे ट्रॉलीपुढे उभे राहिले. सिस्टरनी घसा साफ केला, माझ्यावर बोट ठेवलं आणि सलाइनच्याही आधी, सगळ्यांत पहिलं नाव घेतलं.

"चावी?"

"जाग्यावर!"

बळीरामने तो 'र' इतका लांबवला की बाहेर चांदणीखाली बसलेला कुत्रा उठून गेला. मी लोखंडाची आहे, रडू शकत नाही. नाही तर त्या दिवशी गंजलेच असते.

त्याला आता दहा-अकरा वर्षं झाली. उन्नती शिकून आमच्याकडेच केसपेपरच्या खिडकीवर बसते. गोळ्या वेळेवर घेते. शेवटची आकडी कधी आली ते तिला आठवून सांगावं लागतं. आत्या अधूनमधून डबा घेऊन येते, आणि येताना मला हळूच नमस्कार करते. मटिल्डा सिस्टर रागावायच्या. मी काही तक्रार करत नाही.

गेल्या वर्षी केंद्रात नळीचा ऑक्सिजन आला. आता भिंतीवरचं बटण फिरवलं की झालं. सिलिंडर फक्त कोपऱ्यात, नळी बंद पडली तर म्हणून. त्याच वर्षी मटिल्डा सिस्टर निवृत्त झाल्या आणि क्षितिजा सिस्टर आल्या. हुशार मुलगी, चपळ. तिने नवी यादी छापून आणली, प्लॅस्टिकच्या आवरणात घातलेली, सुंदर. पहिल्या सकाळी तिने नळीपासून सुरुवात केली, मॉनिटर घेतला, मशीनं घेतली, प्रत्येक नावापुढे स्वतःच खूण केली, आणि शेवटचं नाव घेऊन यादी खाली ठेवली.

माझं नाव त्यात नव्हतं.

मी निळ्या दोरीवर गप्प लोंबत राहिले. म्हटलं, चला, झाली आपली नोकरी. चांगली झाली. कुणावर राग नाही. फक्त एवढंच सांगते, नळी कधी बंद पडेल ते नळीलाही ठाऊक नसतं.

"सिस्टर, एक राहिलं," केसपेपरच्या खिडकीतून उन्नती म्हणाली. ती उठून आत आली. तिने तळहात उघडून माझ्याखाली धरला, त्या दिवशीसारखाच, आणि मोठ्याने विचारलं, "चावी?"

नव्या मंडळींना उत्तर माहीत नव्हतं. बळीराम गाडी धूत होता, डॉक्टरबाई अजून यायच्या होत्या. सगळे नव्या यादीत बघायला लागले. माझा जीव टांगणीला लागला.

वाचकहो, तुमच्याही घरात, दुकानात, दवाखान्यात एखादी अशी वस्तू असेल, जिचं नाव कुणी घेत नाही कारण ती असणारच असं सगळे धरून चाललेत. तिला एकदा हात लावून बघा. तिचं नाव मोठ्याने घ्या. लाजू नका. माझं एवढंच मागणं आहे.

आणि हो, त्या सकाळी उन्नतीला उत्तरासाठी फार वेळ थांबावं लागलं नाही. आठ वाजले होते. रस्त्यावरून डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला निघालेली एक बाई फाटकाशी थांबली होती, आणि अख्ख्या आगाशीला ऐकू जाईल अशा खणखणीत, मोकळ्या आवाजात तिने उत्तर दिलं:

"जाग्यावऽऽर!"